लाल कोळ्याचे तोंड ओळखा, मग फवारणीचा पंप उचला

उन्हाळी वांग्याचे पान वरून बघावे, तर त्यावर सुईच्या टोकाएवढे पांढरट-पिवळसर ठिपके. कुठे भोक नाही, कुठे कुरतडलेले नाही, अळी तर दिसतच नाही. मग बांधावर चर्चा सुरू होते. एक म्हणतो, "खत कमी पडलं असंल." दुसरा म्हणतो, "उन्हाचा तडाखा आहे, पाणी द्या." युरियाची मूठ पडते. तरीही पान सुधारत नाही, तेव्हा दुकानातून मावा-तुडतुड्याचे औषध येते आणि वरच्या वर फवारले जाते. आठ-दहा दिवसांनी पाने तांबूस होऊन वाळू लागतात, शेंड्यावर कोळिष्टकासारखी जाळी दिसते. तोपर्यंत दोन फवारण्यांचे पैसे गेलेले असतात आणि तोडाही निम्म्यावर आलेला असतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे काम लाल कोळ्याचे. भेंडी, वांगी, टोमॅटो, पपई, झेंडू, द्राक्ष, हरितगृहातला गुलाब, कुठलेच पीक त्याला वर्ज्य नाही. शास्त्रज्ञांनी याच्या एका जातीची, म्हणजे दोन ठिपक्यांच्या कोळ्याची, नोंद 1100 हून अधिक वनस्पतींवर केलेली आहे. औषध महाग घेतले, दोन वेळा मारले, तरी कोळी का आटोक्यात येत नाही? त्याचे निम्मे उत्तर या जिवाच्या तोंडात आणि पोटात आहे. तो खातो कसा आणि पचवतो कसा, हे एकदा समजून घेतले की कोणते औषध कुठे आणि केव्हा पडायला हवे, ते आपोआप कळते. म्हणून आज औषधाच्या आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ.

हा कीटक नव्हे

पहिली गोष्ट, कोळी हा कीटक नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे हे कीटक. त्यांना सहा पाय आणि डोक्यावर मिशा असतात. लाल कोळ्याला आठ पाय, मिशा नाहीत, पंख नाहीत. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात, पुढच्या अवस्थेत आठ होतात. नात्याने तो घरातल्या कोळ्याच्या, विंचवाच्या आणि आपल्या जनावरांवरच्या गोचिडाच्या गोतावळ्यातला. मोठी मादी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ज्वारीच्या दाण्यावर अशा कित्येक माद्या मावतील. नर तिच्याहून लहान.

नाव लाल असले तरी तो नेहमी लालच दिसेल असे नाही. हिरवट, पिवळसर, तांबूस असाही असतो. दोन ठिपक्यांच्या कोळ्याच्या अंगावर दोन बाजूंना दोन काळपट डाग दिसतात. हा कातडीचा रंग नव्हे बरं का! कातडी काचेसारखी पारदर्शक असल्यामुळे आत पोटात साठलेले अन्न बाहेरून दिसते. तुमच्या पिकाचा हिरवा रस पिऊन पोट भरले की ते डाग गडद होतात. नुकतीच कात टाकलेल्या कोळ्याचे पोट रिकामे असते, तेव्हा डाग जवळजवळ दिसतच नाहीत.

तोंडात दोन सुया

अळीला जबडा असतो, ती पान कुरतडते. कोळ्याला तसा जबडा नाही. त्याच्या तोंडात लांब, लवचिक आणि केसाहून बारीक अशा दोन सुया असतात. दोन्ही सुयांची मुळे एकाच मांसल गादीत बसवलेली असतात. ती गादी पुढे सरकली की सुया बाहेर पडतात, मागे ओढली की आत जातात. बाहेर आल्यावर दोन्ही सुया एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीक नळी तयार होते. लांबी म्हणाल तर एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक. म्हणजे आपल्या अंगाच्या जवळजवळ पाव लांबीची सुई हा प्राणी तोंडात बाळगतो. माणसाच्या मापात बोलायचे तर हातभर लांबीचा दाभणच म्हणा.

ही सुई जाते कुठे? पूर्वी समज असा होता की कोळी पानाची कातडी फाडून आत घुसतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिले, तेव्हा वेगळेच दिसले. सुई पानाच्या कातडीतल्या दोन पेशींच्या फटीतून किंवा पान ज्यातून श्वास घेते त्या रंध्रातून सरळ आत शिरते आणि खालच्या हिरव्या पेशीला जाऊन भिडते. एका वेळी एकच पेशी गाठायची, ती रिकामी करायची आणि पुढे जायचे. वरची कातडी शाबूत राहते. म्हणूनच पानाला भोक दिसत नाही. रिकाम्या झालेल्या पेशीत हिरवे द्रव्य उरत नाही, तिथे फिकट ठिपका पडतो. असे हजारो ठिपके एकत्र आले की सगळे पान पांढुरके, मग तांबूस होते. पानाचा अन्न तयार करण्याचा कारखानाच बंद पडतो. मुळाशी कितीही खत टाका, कारखाना बंद असेल तर माल निघणार कुठून?

उलट नत्र जास्त झाले तर कोळ्याचेच फावते. पानातल्या रसात नत्र वाढले की माद्या अधिक अंडी घालतात. म्हणून ठिपके दिसल्याबरोबर युरिया टाकणे म्हणजे चोरालाच शिदोरी बांधून देणे.

घशातला हातपंप

सुई लागली, पण रस वर चढणार कसा? इथे स्नायूंचे काम सुरू होते. गावातला हातपंप आठवा. दांडा दाबला की आतला दट्ट्या वर जातो, पोकळी तयार होते आणि पाणी वर येते. कोळ्याच्या घशातही असाच पंप आहे. घशाची नळी आडवी कापून पाहिली तर चंद्रकोरीसारखी दिसते, तळ घट्ट आणि छत लवचिक. या छताला वरून स्नायूंच्या दोऱ्या बांधलेल्या असतात. स्नायू आवळले की छत वर ओढले जाते, आत पोकळी होते आणि पेशीतला रस सुईच्या नळीतून खेचला जातो. स्नायू सैल पडले की छत खाली बसते आणि रस मागे, पोटाकडे ढकलला जातो. असे ओढणे-ढकलणे भराभर चालू राहते.

रस ओढण्याआधी कोळी पेशीत लाळ सोडतो. या लाळेत पेशीतला माल पातळ करणारी आणि झाडाची प्रतिकारशक्ती मंद करणारी द्रव्ये असतात. आपण सुकी भाकरी कालवणात कुस्करून मऊ करतो, तसाच काहीसा हा प्रकार.

आता सुईची गादी पुढे-मागे कशी होते तेही पाहा. मागे ओढायला स्नायू आहेत. पुढे ढकलण्यासाठी मात्र अंगातल्या द्रवाचा दाब कामाला येतो. कोळ्याला हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत. सगळे अंग म्हणजे द्रवाने भरलेली एक पिशवी. पाठीपासून पोटापर्यंत उभे स्नायू असतात, ते आवळले की पिशवी दाबली जाते आणि दाब वाढतो. ट्रॅक्टरची ट्रॉली तेलाच्या दाबाने उचलली जाते ना? तत्त्व तेच. पायही मुडपायला स्नायू असतात, पण सरळ करायला बऱ्याच अंशी हाच दाब लागतो. याच स्नायूंच्या दाबाने अंगातला द्रव फिरतो आणि पोटातले अन्नही इकडचे तिकडे ढवळले जाते. थोडक्यात, एकाच स्नायूच्या हालचालीवर चालणे, टोचणे आणि पचवणे ही तिन्ही कामे अवलंबून आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, औषधाच्या वेळी ती उपयोगी पडणार आहे.

मेंदूतून जाणारी नळी आणि तरंगणारे पोट

घशातून निघालेली अन्ननलिका थेट कोळ्याच्या मेंदूच्या गोळ्यातून आरपार जाते. ही वाट इतकी अरुंद की घट्ट घास तिथून जाऊच शकत नाही. म्हणून याला पातळ अन्नाशिवाय गत्यंतर नाही. रस आणि त्याबरोबर आलेले हरितद्रव्याचे बारीक कण, एवढेच आत जाते.

पुढे पोट. मधली पिशवी आणि दोन्ही बाजूंना फुगलेले दोन कप्पे, यांनीच अंगाचा बहुतेक भाग व्यापलेला असतो. आपल्या पोटात पाचकरस अन्नावर सुटतो आणि अन्न विरघळते. कोळ्यात पद्धत निराळी. पोटाच्या अस्तरातल्या पेशी स्वतःच अन्नाचे कण गिळतात आणि आपल्या आत पचवतात. त्यांतल्या काही पेशी अस्तर सोडून पोटातल्या रसात मोकळ्या तरंगू लागतात, गिळत आणि पचवत राहतात. काम संपले की उरलेल्या चोथ्यासह त्यांच्या गोळ्या बनतात आणि मागच्या बाजूने बाहेर टाकल्या जातात. पानामागच्या जाळीवर भिंगातून जे काळपट आणि पांढरट कण दिसतात, ती हीच विष्ठा. नत्राचा टाकाऊ भाग तो लघवीसारखा पाण्यात न सोडता घट्ट कणांच्या रूपात टाकतो.

2011 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या कोळ्याची संपूर्ण जनुकीय माहिती प्रसिद्ध झाली. प्रथिने पचवणारी आणि विष निकामी करणारी जनुके त्याच्याकडे मोठ्या संख्येने असल्याचे तीत दिसले. वेगवेगळ्या झाडांचे कडू, तिखट, विषारी रस पचवण्याची ही तयारी. आपली औषधेही तो काही पिढ्यांत पचवायला शिकतो, याचे आश्चर्य मग वाटायला नको. जगभरात 90 हून अधिक औषधांना या कोळ्याने दाद न दिल्याच्या नोंदी आहेत.

उन्हाळ्यातच का फोफावतो?

पेशीतल्या रसात पाणीच फार. ते जादा पाणी बाहेर घालवल्याशिवाय पुढचा घोट घेता येत नाही. हवा कोरडी आणि गरम असली की अंगातले पाणी लवकर उडते. मग कोळी जास्त रस पितो आणि जास्त अंडी घालतो. चांगल्या उष्णतेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि एक मादी शंभराच्या वर अंडी घालू शकते. नराशी संयोग झाला नाही तरी ती अंडी घालते, त्यातून सगळे नर निपजतात. म्हणजे वाऱ्याने उडत आलेली एकटी मादीसुद्धा नवी वसाहत उभी करते. रस्त्याकडेची धुळीने माखलेली आणि पाण्याचा ताण बसलेली ओळ आधी लागते, हा तुमचाही अनुभव असेल.

औषध कुठे चुकते?

आता तोंड आणि पोट कळले, तर फवारणीकडे वळू.

पहिली चूक, वरून फवारणी. कोळी राहतो पानाच्या खालच्या बाजूला. वर अंग लपवायला जाळी, आणि ती विणण्याचा धागाही तो तोंडाजवळच्या अवयवातून काढतो. पानाच्या वर पडलेले औषध तो चाटत नाही, कुरतडतही नाही, कारण त्याची सुई कातडी ओलांडून थेट आतल्या पेशीत जाते. अळीच्या पोटात जाते तसे पानावरचे विष याच्या पोटात जात नाही. म्हणून औषध एकतर त्याच्या अंगावर पडले पाहिजे किंवा पानात झिरपून आतल्या पेशीत पोहोचले पाहिजे. नोझल खालून वर धरा, शेंड्यापेक्षा मधल्या आणि खालच्या पानांच्या मागची बाजू भिजवा. पाण्यात काटकसर नको.

दुसरी चूक, कीटकनाशकाने कोळी मारायला जाणे. मावा-तुडतुड्यांसाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड कोळ्यावर चालत नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे तर कोळ्याचे शत्रूच मारून टाकतात आणि कोळी आणखी वाढतो. "औषध मारलं अन् रोग वाढला" ही तक्रार खोटी नाही, तिचे कारण हे आहे.

तिसरी चूक, घाई. अबामेक्टिन हे कोळीनाशक मज्जातंतू आणि स्नायूंवर घाव घालते. औषध लागले की स्नायू लुळे पडतात. घशातला पंप थांबला, अंगातला दाब गेला, म्हणजे टोचणे आणि पिणे बंद. पण कोळी लगेच मरत नाही, त्याला तीन ते पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी भिंगातून कोळी जागेवर दिसतो, शेतकरी म्हणतो, "औषध बोगस निघालं," आणि लगेच दुसरे मारतो. तो खर्च वाया. नुकसान थांबले की नाही हे नव्या पानांवरून ठरवा. स्पायरोमेसिफेनसारखे औषध तर शरीरातली चरबी तयार होण्याच्या क्रियेवर काम करते. ते अंडी आणि पिल्लांवर प्रभावी, पण परिणाम सावकाश दिसतो.

चौथी चूक, एकच औषध पुन्हा पुन्हा. कोळी मोठा होताना मधेमधे निश्चल बसतो, त्या काळात तो काही खातच नाही. मग पानात झिरपलेले विष त्याच्या पोटात जाणार कसे? अंडीही बरीच वाचतात. म्हणून पाहणी करून गरज वाटली तर आठवड्याच्या आसपास दुसरी फवारणी लागते, आणि ती वेगळ्या गटातल्या औषधाची असावी. लेबलवर तुमच्या पिकाचे आणि कोळ्याचे नाव आहे का, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे आहे, हे वाचूनच बाटली उघडा. जुने डायकोफॉल कुणी पुढे केले तर घेऊ नका. 2023 मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली आहे.

पाण्यात विरघळणारे गंधक हा स्वस्त आणि जुना उपाय आजही उपयोगी आहे. मात्र कडक उन्हात मारू नका आणि तेलयुक्त औषधाच्या आगेमागे पंधरा दिवस ठेवू नका, पाने करपतात. सुरुवातीलाच लक्षात आले तर पानांच्या मागे नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारल्यानेही बरेच कोळी आणि जाळी धुऊन जाते.

भाऊबंद ओळखा

मिरचीचे पान खालच्या बाजूला वळून उपड्या होडीसारखे झाले, तर तो कोळ्याचा चुरडामुरडा समजा. वर वळले तर फुलकिड्यांचा. मिरचीवरचा हा पांढरट कोळी लाल कोळ्याहून लहान आणि त्याची सुईही आखूड. जून पानात ती पोहोचत नाही, म्हणून तो कोवळ्या शेंड्यावरच बसतो. त्याच्या लाळेने कोवळे पान वाकडे होते. म्हणजे त्याची फवारणी शेंड्यावर, लाल कोळ्याची मधल्या पानांखाली. सुईच्या लांबीवरून नोझलची दिशा ठरते, ती अशी.

गोचीड याच कुळातला, पण त्याच्या तोंडात मागे वळलेल्या काट्यांची सोंड असते. ती कातडीत रुतते. घशातला पंप त्यालाही आहे, फक्त रस पानाचा नव्हे, गायीच्या रक्ताचा. म्हणून गोचीड पिळून किंवा हिसका मारून काढू नये. कातडीलगत चिमट्याने धरून सरळ ओढावा.

कोळ्याचा वैरी कोळीच

सगळे कोळी शत्रू नाहीत. पानामागे भिंग लावले की कधी चकचकीत, नासपतीच्या आकाराचा आणि तुरुतुरु पळणारा कोळी दिसतो. हा लाल कोळ्याची अंडी आणि पिल्ले खातो. त्याच्या तोंडात सुईऐवजी बारीक चिमटे असतात. भक्ष्य धरून फोडायचे, आतला माल पातळ करायचा आणि पंपाने ओढून घ्यायचा. काळ्या रंगाचा, मोहरीहून लहान असा एक भुंगाही लाल कोळी फस्त करतो. हे दोघे शेतात दिसत असतील तर तीव्र कीटकनाशकाचा हात आवरा. ते फुकटात काम करतात.

गावात काय करता येईल?

दहा पट मोठे दाखवणारे भिंग फार महाग नसते. ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या कार्यालयात असे एक भिंग ठेवता येईल. गावातल्या कृषी कर्मचाऱ्यांनी फेब्रुवारीपासूनच्या शिवारफेरीत ते बरोबर न्यावे आणि पान उलटून दाखवावे. एकदा डोळ्यांनी पाहिलेला कोळी शेतकरी विसरत नाही. भिंग नसेल तर पान पांढऱ्या कागदावर झटका आणि क्षणभर थांबा. कागदावरची धूळ चालायला लागली, तर ती धूळ नव्हे. रस्त्याकडेच्या ओळीची पाहणी आठवड्यातून एकदा करा, त्या ओळींना पाण्याचा ताण देऊ नका आणि बांधावरचे लागण झालेले तण उपटा.

दुकानात जाऊन नुसते "पानं पिवळी पडलीत, काहीतरी द्या" म्हणू नका. पान उलटून पाहा, ते पान बरोबर न्या आणि विचारा, "हे कोळ्याचं आहे, कोळ्याचंच औषध द्या." तेवढ्या एका वाक्याने निदान एक फवारणी तरी वाचेल.